दातात धरलेली सळई

माझ्या नवऱ्याला अख्खा साखर कारखाना 'मिस्त्री' म्हणायचा, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणायला लागले. नुसतं 'अहो' म्हणून हाक मारली तर कॉलनीतले सगळे नवरे वळून बघायचे, त्यापेक्षा हे बरं. मिस्त्री मिल हाउसला फिटर होते. मिल हाउस म्हणजे ऊस चिरडून रस काढतात तो भाग. तिथले लोखंडी रोलर माणसापेक्षा उंच, आणि आवाज असा की दोन माणसं खुणेनंच बोलायची.

हंगाम सुरू व्हायच्या दिवशी गव्हाणीत, म्हणजे मिलकडं ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, उसाची पहिली मोळी टाकतात. संचालक, पाहुणे, फेटे, नारळ, सगळा थाट. पण आमच्या कारखान्यात त्याआधी एक रीत होती. रोलर रिकामे फिरवायचे आणि मिस्त्रींनी हातात लांब सळई घेऊन एकेका बेअरिंगपाशी जायचं. बेअरिंग म्हणजे फिरता दांडा ज्या धातूच्या वाटीत बसतो ती वाटी. ती झिजली की दांडा आत आपटायला लागतो, आणि वेळीच कळलं न्हाय तर सगळंच मोडतं. मिस्त्री सळईचं एक टोक बेअरिंगवर ठेवायचे, दुसरं टोक दातात धरायचे आणि डोळे मिटायचे. शेवटच्या बेअरिंगपाशी हात वर करून म्हणायचे, "चालू द्या." तोवर मोळी टाकायची कुणाची छाती न्हाय.

आता हे दोन शब्द आम्हाला किती मोठे होते ते सांगते. आमच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला. सासरे जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. आमच्या माणसाला कारखान्यात काम मिळालं तर ते यार्डात मोळ्या उचलायचं, न्हायतर झाडलोटीचं. फिटर म्हणून मिल हाउसात गेलेले मिस्त्री आमच्यातले पहिले. आणि त्या दिवशी सगळे फेटेवाले हातात नारळ धरून आमच्या माणसाच्या तोंडाकडं बघत उभे! मी बायकांच्या घोळक्यातून बघायची. ऊर भरून यायचा माझा, खोटं कशाला सांगू.

मी स्वतः कॉलनीच्या कोपऱ्यावरची पिठाची गिरणी चालवायची. गिरणी एका मुसलमान चाचांची. त्यांचे गुडघे धरले, पोरं सोलापूरला गेली, मग ते मला म्हणाले, "बेटी, तूच बघ आता." सुरुवातीला दोन-चार बायकांनी नाकं मुरडली, की हिच्या हातचं पीठ कसं न्यायचं. पण दुसरी गिरणी लांब, आणि डोक्यावर डबा घेऊन उन्हात चालायचं म्हटलं की नाक आपोआप सरळ होतं. वर्षभरात त्याच बायका मला 'जरा बारीक दळ गं' म्हणून लाडीगोडी लावायला लागल्या.

गिरणीला डिझेलचं इंजिन होतं. एकदा त्याचं बेअरिंग गेलं तेव्हा मिस्त्रींनी भट्टीवर पांढरा धातू वितळवून नवं ओतून दिलं, आणि ते बसवताना मला आवाज शिकवले. म्हणाले, "बांगड्या वाजल्यागत हलकं वाजलं तर ते वरचं टॅपेट, झडपेचा खटका, त्याला भ्यायचं न्हाय. पण पाट्यावर मुठीनं मारल्यागत दबकं वाजलं, आणि वेग कमी करताना जास्त वाजलं, तर बेअरिंग. तिथल्या तिथं बंद करायचं. आणखी एक फेरासुद्धा द्यायचा न्हाय." मी ते पक्कं ध्यानात ठेवलं. दुसऱ्याची गिरणी, मोडली तर तोंड कुठं दाखवायचं?

ही गोष्ट घडली ती दुष्काळाच्या दिवसांतली. विहिरींचे तळ दिसत होते, माझ्या गिरणीत रेशनची तांबडी मिलो ज्वारी दळायला यायची आणि तिच्या पिठाचा वास अंगातून जायचा न्हाय. रानात ऊसच न्हाय तर कारखाना काय गाळणार? आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठून येणार? हंगाम अर्ध्यात आटोपायची बोली सुरू झाली होती. त्यानंतर मिल हाउसला मोजकीच माणसं ठेवणार होते, आणि कुणाला ठेवायचं ते चीफ इंजिनियर साहेबांच्या हातात होतं.

हे साहेब पुण्याकडचे. तरुण, कडक, पण कुणाला टाकून बोलायचे न्हाईत. बायको आणि एक लहान मुलगी घेऊन बंगल्यावर राहायचे. त्यांना एकच वेड होतं, गाड्यांचं. ते वेड पुरवायला सोलापूरच्या एका दलालानं त्यांच्यासाठी हैदराबादहून एक जुनी विलायती गाडी आणली.

अशी गाडी आम्ही जन्मात बघितली नव्हती. लाल भडक, दोनच माणसं बसतील एवढी, वर कापडाचा टप, आणि जमिनीला चिकटून चालणारी. कॉलनीतली पोरं म्हणायची, हिचे पाय कुणी कापले? दलाल सांगत होता की एका खानदानी घरातली आहे, मालक गेले, मुलं परदेशात, गाडी नुसती झाकून ठेवली होती. "हैदराबादहून एका दमात आली बघा. जळकोटला चहाला थांबलो तेवढंच."

साहेब भाळले होते, पण अडाणी नव्हते. त्यांना इंजिनात काहीतरी वाजल्याचा संशय होता. दलाल म्हणाला, टॅपेट आहे, शर्यतीच्या गाड्यांना ते असतंच. साहेब म्हणाले, आमचे मिस्त्री ऐकतील आणि मग ठरवू. सकाळी गेस्ट हाउसपुढं गाडी उभी केली, बघायला निम्मी कॉलनी जमली आणि मिस्त्रींना बोलावणं गेलं.

तिथं काय झालं ते मिस्त्रींनीच मला नंतर सांगितलं. त्यांनी सळई नेली होती. इंजिनाला लावायला वाकले तर दलाल आडवा आला. "अहो, रंग बघा की. खरवडाल. आणि एवढा नावाजलेला कान, त्याला सळई कशाला लागते?" लोक हसले. मिस्त्रीही हसले, सळई भिंतीला टेकवली, कान इंजिनाकडं नेला आणि थोड्या वेळानं मान हलवली. "ठणठणीत आहे साहेब."

साहेब एवढे खूश झाले की मिस्त्रींना म्हणाले, "बसा, तुम्हाला घरी सोडतो." आणि सरळ घरी न आणता ढोकीच्या रस्त्यानं लांब फेरी मारून आणलं. सळई मिस्त्रींच्या मांडीवर आडवी, टोक बाहेर. ते माझ्या गिरणीपुढं येऊन थांबले तेव्हा मी नुकताच पट्टा काढून इंजिन बंद केलं होतं. गिरणीत सामसूम होती. म्हणून मला ऐकू आलं.

साहेबांनी गाडीचा वेग सोडला आणि आतून आवाज आला. दबका. मुठीनं पाट्यावर मारल्यागत. ठक, ठक, ठक. मग पुन्हा जरा रेस केली तर बारीक झाला, सोडली की पुन्हा ठक, ठक.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी मिस्त्रींकडं बघितलं. हे आपले राजावाणी बसलेले, केस वाऱ्यानं उभे राहिलेले, तोंडभर हसू. त्यांच्या गुडघ्यापुढं, हातभर अंतरावर ते इंजिन छाती बडवत होतं आणि यांच्या कपाळावर आठी न्हाय! मी म्हणाले, "अहो, हे वाजतंय काय?" त्यांनी माझ्याकडं बघून मान डोलावली, म्हणजे 'हाय की नाय झकास' अशी. साहेबांनी माझं ऐकलं का न्हाय कोण जाणे. मिस्त्रींनी ठणठणीत म्हटल्यावर तो आवाज त्यांनी टॅपेटचाच धरला असणार. मिस्त्री उतरले आणि साहेब हात हलवून निघून गेले. जाताना मिस्त्रींना सांगून गेले की उद्या सकाळी बायको-मुलीला घेऊन तुळजापूरला दर्शनाला जाणार, तिथून घाट उतरून सोलापूरला, आणि तिथं दलालाचा व्यवहार पुरा करणार.

गाडी उभी होती तिथं मातीत तेलाचे थेंब पडले होते. मी बोट बुडवून चोळून बघितलं. काकवीसारखं दाट. एवढ्या चपळ इंजिनात असलं तेल कुणी घालत न्हाय. घालतो तो आवाज दाबायला. थंड असताना दाट तेल वाटीतली पोकळी भरून काढतं आणि सगळं गप होतं. इंजिन तापलं, तेल पातळ झालं, की खरं बाहेर येतं. हेही मिस्त्रींनीच मला शिकवलेलं.

मी घरी आले. मिस्त्री ओसरीवर माझ्याकडं पाठ करून पाय धूत होते. मी मागून म्हणाले, "गाडीचं बेअरिंग गेलंय." काही न्हाय. "मिस्त्री, बेअरिंग गेलंय म्हणते मी." पाय धुणं चालूच. मी हळूच म्हणाले, "तुमची आई आलीय दारात." माझ्या सासूला जाऊन कैक वर्षं झाली होती. मिस्त्रींनी तांब्यातलं उरलेलं पाणी जपून बादलीत ओतलं, वळले, मला बघून दचकले आणि म्हणाले, "कवा आलीस?"

दोन वर्षांतलं एकेक आठवायला लागलं. मी बडबड करायची आणि हे मान डोलवायचे. चारचौघांत कुणी विनोद केला की हे सगळ्यांच्या मागून हसायचे. बोलताना माझ्या तोंडाकडंच बघत राहायचे, आणि मी येडी लाजायची! मला वाटायचं, नवरा लई गुणाचा मिळाला, कितीही बोला, उलटून बोलत न्हाय. अगं बाई, त्याला ऐकूच येत नव्हतं.

मी कानाला बोट लावून विचारलं, "कवापासून?"

त्यांनी आधी इकडंतिकडं बघितलं. मग सांगितलं. कान लहानपणापासूनच वाहायचे. मिल हाउसात गेल्यावर हळूहळू बंदच होत गेले. मागच्या दोन हंगामांपासून समोरच्याचे ओठ बघून चालवत होते. "पण सळई दातात धरली की डोक्यात सगळं वाजतं," ते म्हणाले. "अगदी पयल्यासारखं. म्हणून मिलचं काम म्या आजवर चोख केलं. एकसुद्धा बेअरिंग माझ्या हातून निसटलं न्हाय."

"आणि आज?"

"आज सळई लावू दिली न्हाय."

"मग ऐकू येत न्हाय म्हणायचं की! कोण आलं होतं बंदूक घेऊन?"

ते माझ्या ओठांकडं बघत राहिले. मला राग आला होता, पण त्यांचंही मला दिसत होतं. मिल हाउसचा फिटर म्हणजे कान. तो गेला म्हटल्यावर, असल्या वर्षात, साहेबांनी कुणाला घरी बसवलं असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडली तर मिल हाउस जाणार, आणि पुढच्या हंगामाला ते फेटेवाले दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडं बघणार. आमच्या माणसाला तिथं परत कोण घेणार होतं?

पण दुसऱ्या बाजूला ती गाडी होती. मी मिस्त्रींना तेलाचं बोट दाखवलं आणि आवाज कसा होता ते पाट्यावर मूठ मारून दाखवलं. त्यांनी हात माझ्या मुठीशेजारी पाट्यावर ठेवला आणि ठोका हातानं समजून घेतला. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "जुनी जीप घेताना किती चालली ते इचारावं. हौसेची गाडी घेताना कशी चालवली ते इचारावं. ही पोरासोरांनी पळवून पळवून खिळखिळी केलीय." मग जरा थांबून म्हणाले, "घाटात बेअरिंग धरून इंजिनातला रॉड तुटला तर इंजिन जागच्या जागी जाम होतंय. मागची चाकं धरतात."

"आणि पोरगी आईच्या मांडीवर असणार," मी म्हणाले. "तुम्ही सांगा, न्हायतर मी सांगते."

"सांग की. मग तुझ्या गिरणीत पीठ झाडायला ठेव मला."

"ठेवीन! लाज न्हाय वाटायची मला."

हे बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांनी ओठ वाचले होते. असा घाव बसला त्यांना, की मला माझंच तोंड फोडून घ्यावंसं वाटलं. मग मी डोकं लढवलं. म्हटलं, सगळं कशाला सांगायचं? सकाळी सळई घेऊन जा, म्हणा, साहेब, जिवाला चैन पडेना, निघायच्या आधी इंजिन तापवून एकदा सळईनं ऐकतो. दातात धरली की तुम्हाला कळणारच आहे. बेअरिंग गेलंय म्हणून सांगा आणि या. गाडीही थांबली आणि मूठही झाकलेली राहिली. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. हो म्हणाले न्हाईत, न्हाय म्हणाले न्हाईत. जेवले पण न्हाईत.

सकाळी उठून त्यांनी कामाचा खाकी सदरा घातला, बाबासाहेबांच्या फोटोपुढं रोजच्यासारखे हात जोडले आणि सळई घेऊन निघाले. त्यांची पहिली पाळी होती. मिल हाउसला जाणारे रोज त्याच वाटेनं जायचे, आणि पाण्याच्या टाकीपाशी वाट फुटायची. डावीकडं कारखाना, उजवीकडं साहेबांचा बंगला. मी गिरणीचं दार उघडलंच न्हाय. पदर खोचला आणि मागं मागं चालत राहिले. त्यांना माझ्या चपलांचा आवाज यायचा प्रश्नच नव्हता.

टाकीपाशी ते थांबले. सळई जमिनीला टेकवून उभे राहिले. टँकर आला होता, बायका घागरी घेऊन भांडत होत्या, आणि त्या गलक्यात हा माणूस खांबासारखा उभा. डावीकडं वळाले असते तर मी काय केलं असतं? मी स्वतः बंगल्यावर धावत गेले असते का? त्या वेळी मला वाटत होतं, जाईन. आज खात्रीनं सांगता येत न्हाय. तेवढ्यात त्यांनी सळई खांद्यावर टाकली आणि उजवीकडं वळाले.

बंगल्यापुढं गर्दी होती. गाडीला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, पायरीवर पूजेचं ताट. बाईसाहेब गाडीत बसल्याही होत्या, मुलगी मांडीवर, तिच्या डोक्याला लाल रिबन. दलाल कागद घेऊन उभा. मिल हाउसचे चार-पाच जुने फिटर रात्रपाळी करून घरी जाता जाता तमाशा बघायला थांबले होते. साहेबांनी इंजिन चालू केलेलं होतं आणि ते नारळ फोडायला खाली उतरले होते.

मिस्त्री गाडीच्या पुढं जाऊन उभे राहिले. बरोबर चाकापुढं. ठरल्याप्रमाणं म्हणाले, "साहेब, जिवाला चैन पडेना. एकदा सळईनं ऐकू द्या."

दलाल उसळला. "अहो मुहूर्त टळतोय! काल ऐकलं की."

पण साहेबांनी झाकण वर केलं. मिस्त्री खाली वाकले, सळई इंजिनाच्या बुडाशी टेकवली, टोक दातात धरलं आणि डोळे मिटले. इंजिन अजून पुरतं तापलं नव्हतं. त्यांनी बोटानं खूण केली, रेस द्या. साहेबांनी रेस दिली. सोडा. सोडली. पुन्हा द्या. मला लांबून नुसता त्यांचा जबडा दिसत होता, आणि त्यावरची शीर.

त्यांनी डोळे उघडले. "बंद करा साहेब. बेअरिंग संपलंय. ही गाडी घाट उतरणार न्हाय."

साहेबांनी चावी फिरवली. बाईसाहेब मुलीला घट्ट धरून खाली उतरल्या. म्हटलं, झालं, जिंकलो. आणि तेवढ्यात दलालानं तोंड उघडलं.

"वा मिस्त्री! काल ठणठणीत, आज संपलं? रातोरात काय झालं हो? दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकानं हात ओले केले का?" मग साहेबांकडं वळून म्हणाला, "साहेब, ह्या लोकांचं असंच असतंय."

'ह्या लोकांचं' म्हणजे कुणाचं ते तिथं सगळ्यांना कळलं. साहेबांचा चेहरा बदलला. ते मिस्त्रींपुढं येऊन उभे राहिले आणि सरळ विचारलं, "मिस्त्री, तुम्ही पैसे खाल्लेत? इंजिन तेच, कान तोच. मग काल का नाही सांगितलंत?"

मिस्त्रींनी ओठ वाचले. एकही शब्द सुटला नसणार, कारण त्यांचा रंगच उडाला. मला ओरडून सांगावंसं वाटलं की काहीतरी ठोकून द्या, म्हणा गाडी थंड होती, म्हणा तेल दाट होतं. ते खोटंही नव्हतं. पण मी ओरडले असते तरी त्यांना काय कळणार होतं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी सळई दोन्ही हातांनी उभी धरली. आणि त्यांच्या आवाजाचा अंदाज त्यांनाच नसल्यामुळं ते एवढ्या मोठ्यानं बोलले की टाकीवरच्या बायकांनीसुद्धा वळून बघितलं.

"मी खोटा न्हाय साहेब. मी बहिरा आहे. मला दोन वर्षं झाली ऐकू येत न्हाय. सळई दातात धरली तरच कळतंय. काल हे लोक हसले आणि मला सळई मागायची लाज वाटली."

मागं उभ्या असलेल्या जुन्या फिटरांतला एक जण शेजाऱ्याकडं वाकला. कानामागं हात धरून म्हणाला, "काय म्हणला?" शेजाऱ्यानं त्याच्या पलीकडच्याला विचारलं, "काय म्हणला रं मिस्त्री?" पलीकडच्यानं खांदे उडवले. सगळ्यांचे हात कानामागं. एवढ्या मोठ्यानं बोललेलं, आणि त्या रांगेत एकालाही धड कळलं नव्हतं.

साहेब त्या रांगेकडं बघत राहिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्यांनी पाना मागवला, गाडीखाली घुसले आणि तेलाचं बूच सोडलं. खाली धरायला दुसरं काही नव्हतं म्हणून पूजेचं ताट सरकवलं. ताटात काळं तेल जमलं, आणि उन्हात धरलं तर त्यात चंदेरी चुरा चमकत होता, बर्फीवरच्या वर्खासारखा. झिजलेल्या बेअरिंगचा धातू. बाईसाहेबांनी तो बघितला आणि मुलीचं डोकं छातीशी दाबून धरलं. दलाल गाडी टो करून न्यायला ट्रॅक्टर कुठं मिळेल म्हणून विचारत होता.

आता पुढचं सांगते, आणि अजूनही सांगताना माझं डोकं फिरतं. साहेबांनी मिस्त्रींचे हात हातात घेतले, "माझ्या माणसांना वाचवलंत," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, ते काही नाटक नव्हतं. आणि त्याच आठवड्यात मिस्त्रींची बदली यार्डात केली. मोळ्या मोजायला. बाकीचे फिटर आपापल्या जागी राहिले. सगळ्यांना काढलं असतं तर मिल कुणी चालवायची? म्हणून जो बोलला तो गेला. मी बंगल्यावर भांडायला निघाले होते. मिस्त्रींनी दारात हात आडवा धरला. म्हणाले, "जाऊ दे. मिल हाउसात बहिरा माणूस ठेवू नये, हे म्यासुद्धा म्हणलं असतं."

"पण तुम्ही सळईनं..."

"जाऊ दे म्हणलं ना."

पुढच्या हंगामाला मोळी टाकायच्या दिवशी मी गेले न्हाय. मिस्त्रीही गेले न्हाईत. कारखान्याचा भोंगा झाला, म्हणजे मोळी पडली होती. मी गिरणी चालू करून बसले होते. त्यांना भोंगा ऐकू आला नसणार, पण माझ्या तोंडाकडं बघून कळला असावा. ते उठले, कोपऱ्यातली सळई आणली आणि माझ्या इंजिनाच्या बेअरिंगवर टेकवली. टोक दातात धरून डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे होते. मग हात वर केला आणि म्हणाले, "चालू द्या."

मला रडू फुटलं. मी इंजिन बंद केलं. सळईचं इंजिनाकडचं टोक उचललं, पदरानं पुसलं आणि माझ्या दातात धरलं. ते दचकले, पण त्यांनी त्यांच्याकडचं टोक पुन्हा दातात धरलं आणि डोळे मिटले. इतकी वर्षं न ऐकलेलं किती तरी माझ्यापाशी साठलं होतं. रागाचं, मायेचं, गावभरच्या चहाड्या. त्यातलं एकही मला आठवेना. दात सळईवर ठेवूनच मी कसंबसं बोबडं म्हणाले, "जेवायला वाढू का?"

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "वाढ," ते म्हणाले. "आणि एवढं ओरडू नको. ऐकू येतंय."